वेस्टॉल, विल्यम

(१२ ऑक्टोबर १७८१–२२ जानेवारी १८५०). इंग्रज निसर्गचित्रकार. जन्म हर्टफर्ड येथे. मॅथ्यू फ्लिंडर्सच्या ऑस्ट्रेलियन किनाऱ्याच्या सर्वेक्षण-मोहिमेत (१८०१–०३) तो चित्रकार होता. परतताना जहाज प्रवाळखडकावर फुटले. रेखाटने भिजली, पण बचावली. पुढे चीनमार्गे १८०४ मध्ये तो मुंबईस आला, सह्याद्रीच्या डोंगराळ मुलखात हिंडला आणि कार्ले व घारापुरी येथील लेणी त्याने रेखाटली.

इंग्लंडमध्ये परतल्यावर ब्रिटिश नौदल खात्यासाठी त्याने या मोहिमेची तैलचित्रे रंगविली. प्रत्यक्ष स्थळी केलेली रेखाटने त्यांना आधारभूत असली, तरी रचनेत त्याने पुष्कळ स्वातंत्र्य घेतले. एके ठिकाणी रेखाटलेला वृक्ष दुसऱ्या स्थळाच्या चित्रात अग्रभागी येतो. झाडी, प्रकाश व मेघ तत्कालीन रम्यदृश्याच्या संकेतांनुसार मांडले जातात. फॉरिन सीनरी (१८११) या मुद्राचित्रमालेत त्याने भारतातील दृश्येही समाविष्ट केली. १८१२ मध्ये तो रॉयल अकॅडमीचा सहयोगी सदस्य झाला. कॅप्टन ग्रिंडले याच्या पश्चिम भारतविषयक सचित्र ग्रंथासाठीही (१८२६–३०) त्याने चित्रे सिद्ध केली. बोरघाटाची दृश्ये याच ग्रंथात आहेत.

अशा चित्रांवरून घाटातील जुनी वाट किंवा वनराई निश्चित करताना इतिहासकाराने सावध राहावयास हवे. स्थळावरील रेखाटन आणि पूर्ण झालेले चित्र यांत भेद आढळल्यास पहिले त्या भूप्रदेशाचा पुरावा ठरते, तर दुसरे मुख्यत्वे त्या काळच्या अभिरुचीचा. लंडन येथे त्याचे निधन झाले.