प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी व व्यावसायिक आवृत्त्या

प्रोग्रॅम लिहिण्याचा संपादक, लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आणि चुका शोधण्यास मदत करणारा डीबगर यांचा एकत्रित संच वेगवेगळ्या किमतींना व शर्तींना विकला जातो, तेव्हा त्याच्या स्वस्त वा मोफत रूपास विद्यार्थी आवृत्ती व पूर्ण रूपास व्यावसायिक आवृत्ती म्हणतात. दोहोंतील फरक तांत्रिक असतो किंवा केवळ परवान्याचा. मायक्रोसॉफ्टच्या १९९८ मधील व्हिज्युअल सी++ ६.० या संचाच्या स्टँडर्ड आवृत्तीत इष्टतमीकरण, म्हणजे तयार होणारा प्रोग्रॅम अधिक वेगवान वा आटोपशीर करण्याची कंपायलरची प्रक्रिया, उपलब्ध नव्हती. त्यामुळे भाषा शिकता येत असली, तरी प्रोग्रॅमची खरी गती अजमावणे शिकाऊ व्यक्तीला शक्य होत नसे, आणि ही उणीव शिक्षणाच्या दृष्टीने गंभीरच मानावी लागते. मायक्रोसॉफ्टच्याच २००५ च्या एक्स्प्रेस आवृत्त्यांनी किमतीचा अडसर दूर केला, मात्र त्यांत विस्तारके (बाहेरून जोडावयाची पूरक साधने) चालत नसत. २०१४ मधील व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी ही आवृत्ती सुविधांच्या बाबतीत व्यावसायिक आवृत्तीच्या बरोबरीची असून मर्यादा प्रामुख्याने परवान्यात आहे: विद्यार्थ्यांना व स्वतंत्र प्रोग्रॅमरांना ती मोफत वापरता येते, तर मोठ्या उद्योगसंस्थांना अध्यापन, संशोधन व मुक्तस्रोत प्रकल्प यांसारखे अपवाद वगळता तिचा वापर करता येत नाही. जेटब्रेन्स या कंपनीच्या विद्यार्थी परवान्यात साधने पूर्ण मिळतात, परंतु त्यांचा व्यापारी वापर निषिद्ध आहे.