दंडभय आणि नीती

चुकीचे वर्तन केल्यास शिक्षा होईल या भीतीने मनुष्य सदाचरण करतो ही कल्पना, तसेच या कल्पनेच्या आधारे उभारलेल्या सामाजिक व राजकीय व्यवस्था, यांचा निर्देश ‘दंडभय’ या संज्ञेने होतो. दंड देणारी शक्ती राजा, गाव, जात, देव किंवा यमधर्म यांपैकी कोणतीही असू शकते. दंडाचे स्वरूपही द्रव्यदंड, देहदंड, बहिष्कार, शाप व नरकवास असे विविध आहे. केवळ भीतीपोटी घडलेल्या वर्तनास नैतिक म्हणावे काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न होय. इमॅन्युएल कांटच्या मते कर्तव्यबुद्धीने केलेले कृत्यच नैतिक मूल्यास पात्र ठरते. झां प्याजे (१९३२) व लॉरेन्स कोलबर्ग (१९५८) या मानसशास्त्रज्ञांनी शिक्षेच्या भयाने आज्ञापालन करणे ही नैतिक विकासाची आरंभीची पायरी मानली. इतिहासात मात्र हा प्रश्न तत्त्वचर्चेपेक्षा शासनव्यवहाराचा म्हणून अधिक वेळा उपस्थित झाला. महाराष्ट्रात त्याची उत्तरे कालपरत्वे कशी बदलली, याचे दर्शन जुन्या न्यायपद्धतीत आणि यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडसारख्या सीमावर्ती प्रदेशाच्या इतिहासात घडते.

प्राचीन विचार : महाभारताच्या शांतिपर्वात राज्यसंस्थेच्या उत्पत्तीची जी कथा आहे, तीनुसार प्रारंभी राजा नव्हता आणि दंडही नव्हता, लोक धर्मानेच परस्परांचे रक्षण करीत. पुढे मोह व लोभ बळावल्याने दंडाची आवश्यकता निर्माण झाली. म्हणजे दंड हा नीतीचा उगम नसून नीती ढासळल्यानंतर योजलेला उपाय होय, अशी या कथेची भूमिका आहे. मनुस्मृतीत दंडाला प्रजेचा खरा शासक मानले असून, त्याचा योग्य वापर न करणाऱ्या राजाचा तोच नाश करतो, असेही सांगितले आहे. कौटिल्याने या विषयाचा अधिक व्यवहारी विचार केला. कठोर दंड देणाऱ्या राजाचा प्रजेस उद्वेग येतो, सौम्य दंड देणाऱ्याचा अवमान होतो आणि यथायोग्य दंड देणाराच पूज्य ठरतो, असे तो म्हणतो. काम, क्रोध वा अज्ञान यांमुळे दिलेला दंड वानप्रस्थ व संन्यासी यांनाही प्रक्षुब्ध करतो, हे त्याचे निरीक्षण पुढील इतिहासात अनेकदा खरे ठरले. तथापि स्मृतींतील दंड समान नव्हता. एकाच अपराधास वर्णानुसार कमीअधिक शिक्षा सांगितलेली असल्याने दंडभयाचा भार समाजाच्या खालच्या थरांवर अधिक पडला.

राजदंड जेथे पोहोचत नसे, तेथे पारलौकिक दंडाचे भय उपयोगी पडे. मृत्यूनंतरच्या दिवसांत गरुडपुराण वाचण्याच्या प्रथेमुळे यमयातनांची वर्णने घरोघरी परिचित झाली. शिलाहार व यादव काळांतील दानलेखांच्या ‘गधेगाळ’ नावाच्या शिळा हे अशा भयाचे मूर्त उदाहरण होय. अशा शिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य, मध्ये लेख व खाली गाढव आणि स्त्री यांचे शिल्प असते. दान दिलेली जमीन हिरावून घेणाऱ्यास ती शिवी व शाप असे. या शिळा विशेषतः कोकणात मोठ्या संख्येने आढळतात. चंद्रसूर्य असेतोवर दान टिकावे, ही इच्छा त्यांतून व्यक्त होते. राज्य बदलल्यावर नव्या सत्ताधीशास रोखू शकेल असा कोणताही लौकिक उपाय दात्यापाशी नव्हता, हेही त्यांवरून स्पष्ट होते.

मराठा काळातील न्यायपद्धती : मराठा अमदानीत वतने, हद्दी व वारसा यांचे तंटे गोतसभा व मजालसीपुढे चालत. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व शेजारच्या गावांतील प्रतिष्ठित यांच्या समक्ष वाद ऐकून निर्णयाचा महजर लिहिला जाई. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई. जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ व हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेतली जाई. साक्षीदाराकडून बेल, तुळस, भंडारा किंवा गंगाजल हाती देऊन शपथ घेववीत आणि खोटी साक्ष दिल्यास बेचाळीस पूर्वज नरकात जातील, असे त्यास बजावीत. वतन पूर्वजांकडून आलेले असल्याने त्याविषयीच्या असत्याची शिक्षाही पूर्वजांनाच व्हावी, यात समाजाच्या दृष्टीने संगती होती.

कागदपत्र व साक्षी यांनी निर्णय न झाल्यास दिव्याचा अवलंब करीत. याज्ञवल्क्याने तुला, अग्नी, जल, विष व कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. महाराष्ट्रात ‘रवा दिव्य’ विशेष रूढ होते. तापविलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, त्यानंतर हातावर पिशवी बांधून मोहोर करावयाची आणि ठराविक दिवसांनी हात तपासून खरेखोटे ठरवावयाचे, अशी त्याची रीत होती. आधुनिक दृष्टीने या पद्धतीस प्रमाण नाही. तिचा प्रभाव प्रत्यक्ष दिव्यापेक्षा त्याच्या पूर्वतयारीत अधिक होता. स्नान, उपोषण, देवालय व जमलेले गोत यांच्या सान्निध्यात एखादा पक्ष कढईपर्यंत जाण्यापूर्वीच माघार घेई. परंतु भय केवळ अपराध्यालाच वाटते, हे गृहीतच सदोष होते. सत्यपक्षाचा भित्रा मनुष्य हरण्याचा आणि असत्यपक्षाचा धीट मनुष्य जिंकण्याचा संभव त्यात कायम राही.

अपराध्यास राजदंड व ब्रह्मदंड असे दोन दंड होत. राजदंड सरकारात भरावा लागे. ब्रह्मदंड म्हणजे धर्मशास्त्रानुसार प्रायश्चित्त होय. पैठण, नाशिक, कऱ्हाड, करवीर इ. क्षेत्रांतील ब्रह्मसभा प्रायश्चित्त ठरवीत. त्यानंतर शुद्धिपत्र घेऊन व जातभोजन घालून दोषी व्यक्ती गोतात परत येई. यास ‘गोतपत’ म्हणत. या पद्धतीत शिक्षेनंतर परत येण्याची वाट खुली होती, हा तिचा महत्त्वाचा विशेष. वाळीत टाकण्याचे भय मोठे असे, कारण विवाह, मर्तिक, पाणी व बलुत्याची सेवा ही सर्व गोताच्याच हाती होती. चोरीच्या बाबतीत गावाची जबाबदारी सामुदायिक असे. महार, रामोशी वा जागले चोराचा माग काढीत. ज्या गावाच्या हद्दीत माग थांबे, त्या गावास नुकसान भरून द्यावे लागे. पेशवाईच्या अखेरीनंतर १८१९ मध्ये मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या प्रदेशाविषयी सादर केलेल्या अहवालात पंचायतीच्या पद्धतीची दखल घेतली आहे.

दंड देणाऱ्यालाच अपराध घडल्यास काय करावे, या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उदाहरणे याच काळातील आहेत. नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर (३० ऑगस्ट १७७३) न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा उपाय नाही, असे सांगून पद सोडले, अशी परंपरा आहे. पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत १७९१ मध्ये दाक्षिणात्य ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा प्रक्षुब्ध जमावाने त्यास दगडांनी ठेचून मारले. पहिल्या प्रसंगात दंडाच्या नैतिक अधिकाराचे दर्शन घडते, तर दुसऱ्यात तो अधिकार गमावलेल्या दंडाचा शेवट दिसतो.

उमरखेड व पैनगंगेची सीमा : उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात पैनगंगेच्या उत्तरेस वसलेले गाव. हा भाग निजामाच्या राज्यात मोडे. घाटवाटांच्या रखवालीचे काम या प्रदेशात परंपरेने नाईक घराण्यांकडे असे. वाट राखणारा व वाट अडविणारा यांत अंतर फार नसे. मान व हक्क शाबूत असेतोवर नाईक रक्षक असत, ते तुटताच त्यांची गणना बंडखोरांत होई. हटकर समाजातील नोवसाजी नाईक याने १८१९ मध्ये निजामाच्या सत्तेस आव्हान दिले. मेजर पिटमन याच्या हाताखालील निजामाच्या फौजेशी त्याच्या सैन्याने उमरखेड येथे निकराची झुंज दिली. तेथून माघार घेऊन त्याने पैनगंगेपलीकडील नाव्हा या आपल्या गढीचा आश्रय केला. वेढ्यानंतर गढी हल्ला करून घेण्यात आली आणि तेथील शिबंदीपैकी बहुतेक लोक मारले गेले. बंड मोडले, परंतु ज्या अव्यवस्थेतून ते उद्‌भवले, ती निजामाच्या वऱ्हाडात टिकून राहिली. सावकारांचे कर्ज, मक्त्याने दिलेली महसूलवसुली व थकलेले फौजेचे पगार ही तिची कारणे होती; त्यांवर दहशतीचा उपाय चालण्यासारखा नव्हता.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांतास जोडण्यात आले. वाशीम जिल्हा मोडून १९०५ मध्ये पुसद तालुका यवतमाळकडे आला. कायद्याने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्याने भारतीय दंड संहितेसारखे कायदे तेथे अधिसूचनांद्वारे लागू करावे लागले. परिणामी पैनगंगेच्या एका तीरावर इंग्रजी दंड संहिता व दुसऱ्या तीरावर निजामाचा अंमल, अशी स्थिती १९४८ पर्यंत राहिली. दोन्ही तीरांवरील भाषा, नातीगोती व सणवार एकच होते. बदलत असे तो केवळ दंड. नीती जर दंडभयावरच अवलंबून असती, तर नदी ओलांडताच माणसांचे आचरणही बदलले असते. तसे घडले नाही, हे या सीमेच्या सामाजिक इतिहासाचे लक्षणीय वैशिष्ट्य आहे.

विसाव्या शतकात याच परिसरात दंडभयाचा संपूर्ण विपर्यास झाला. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रहास प्रारंभ केला व कारावास पत्करला. १९२७ च्या जंगल कायद्याने गवत कापणे अपराध ठरविले होते. शेतकऱ्यांच्या दृष्टीने तो गुरांच्या चाऱ्याचा प्रश्न होता. येथे लोक शिक्षा टाळण्यासाठी नव्हे, तर ती मागून घेण्यासाठी पुढे आले. शिक्षा भोगणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण ठरल्यावर कायद्याच्या हाती धाक उरला नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात (१९४७-४८) मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी वऱ्हाडच्या सीमेवर छावण्या उभारल्या. उमरखेड येथेही अशी एक छावणी होती. निजामी कायद्याने जे गुन्हेगार होते, त्यांना नदीच्या या तीरावरील लोकांनी आसरा दिला. भारत सरकारच्या सप्टेंबर १९४८ मधील कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील कायद्यांची ही दुही संपुष्टात आली.

सुधारकांची भूमिका : एकोणिसाव्या शतकात पारलौकिक भयावर प्रथम आघात झाला. महात्मा फुले यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक (१८९१) या ग्रंथात स्वर्गनरकाच्या कल्पना नाकारून सत्यवर्तनावर आधारलेला धर्म प्रतिपादिला. वऱ्हाडात अकोला येथे शिक्षण झालेले गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये सुधारक हे पत्र सुरू केले. नीतीस ईश्वराच्या वा परलोकाच्या भयाचा आधार लागत नाही, मानवी सुखदुःखाचा विचार तिला पुरेसा आहे, अशी त्यांची धारणा होती. आगरकर व टिळक यांनी कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्यामुळे त्यांच्या लेखणीस आळा बसला नाही.

जन्मावरून दंड : दंडभयाचा सर्वांत विकृत प्रयोग गुन्हेगार जमाती कायद्याने झाला. १८७१ मध्ये प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ मध्ये सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करण्याची तरतूद झाली व १९२४ मध्ये तो सुधारून घेण्यात आला. जमात गुन्हेगार म्हणून घोषित झाली की, तीतील व्यक्तींना हजेरी देणे व परवान्यावाचून गाव न सोडणे बंधनकारक होई. महाराष्ट्रात पारधी, कैकाडी, मांग-गारुडी इ. समाज या कायद्याच्या कक्षेत आले. सोलापूर येथे काटेरी तारांनी वेढलेली वसाहत स्थापन झाली. दंडभयाचा परिणाम होण्यासाठी निर्दोष वर्तन केल्यास दंड होणार नाही, ही खात्री आवश्यक असते. येथे दंड अपराधापूर्वीच व जन्माबरोबरच लादलेला होता. त्यामुळे भय होते, परंतु सदाचरणास वाव नव्हता. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कलंक मात्र उरला. लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७) या आत्मकथनात त्याचे चित्रण आहे.

याच्या उलट प्रयोग औंध संस्थानात झाला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या प्रोत्साहनाने व मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ मध्ये स्थापन झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले बंदी तेथे भिंतीवाचून राहून शेती करीत. त्यांना रोखून धरणारी गोष्ट म्हणजे त्यांच्यावर टाकलेला विश्वास होय. या वसाहतीपासून प्रेरणा घेऊन व्ही. शांताराम यांनी दो आँखें बारह हाथ (१९५७) हा चित्रपट निर्माण केला.

अलीकडील काळ : जातपंचायतींचा दंड स्वातंत्र्योत्तर काळातही चालू राहिला. बहिष्काराच्या धाकाने आंतरजातीय विवाह रोखणे, दंड उकळणे, अशा प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. तो २०१७ मध्ये अंमलात आला असून त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी नीतिरक्षणाचे साधन मानलेली शिक्षाच या कायद्याने अपराध ठरली. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ अपराधांसाठी समाजसेवेच्या शिक्षेची तरतूद आहे.

मूल्यमापन : दंडभय पूर्णतः निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. दुर्बलाचे रक्षण, वचनाचे पालन व सार्वजनिक शिस्त यांसाठी समाजास दंडाचा आधार घ्यावा लागतो. इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया याने १७६४ मध्येच शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, असे प्रतिपादिले होते. त्यास या प्रदेशाच्या अनुभवाने आणखी दोन अटी जोडल्या आहेत. दंड सर्वांस सारखा असला पाहिजे आणि तो भोगलेल्या मनुष्यास समाजात परत येता आले पाहिजे. गोतपतीत दुसरी अट पाळली गेली, पहिली नाही. गुन्हेगार जमाती कायद्यात दोन्हींचा अभाव होता. या अटी पाळल्या न गेल्यास मनुष्य अपराध टाळण्याऐवजी तो लपविण्यास शिकतो किंवा, पुसदच्या सत्याग्रहींप्रमाणे, दंडाचेच भय टाकून देतो.