ल माँची शर्यत आणि तिचा प्रेक्षक

शर्यतींचे इतिहास बहुधा जेत्यांच्या नामावळीवरून लिहिले जातात. कोणत्या वर्षीं कोण पहिला आला व त्याच्या गाडीचा वेग किती होता, यापलीकडे इतिहासकाराची दृष्टि सहसा जात नाहीं. परंतु फ्रान्समधील ल माँ येथें दरसाल होणाऱ्या चोवीस तासांच्या मोटार-शर्यतीचा विचार करतां, जेते येतात आणि जातात, कारखाने भरभराटतात आणि बुडतात. टिकून राहतो तो कुंपणाबाहेर उभा असलेला प्रेक्षकच, असें आम्हांस दिसतें.

ल माँ हें पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारें २०० किलोमीटरांवरचें जुनें शहर. यंत्रवेगाचा नाद त्यास फार पूर्वीं लागला. १९०६ सालीं फ्रान्सची पहिली ‘ग्रां प्री’ याच्याच परिसरांत झाली, आणि १९०८ च्या ऑगस्टांत विल्बर राइट यानें युरोपांतील आपलें पहिलें जाहीर उड्डाण येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर करून दाखविलें. चोवीस तासांची शर्यत प्रथम झाली ती १९२३ च्या मे महिन्याच्या २६ व २७ तारखांस. तिचा हेतु मात्र अगदीं व्यवहारी होता. सामान्य गृहस्थ विकत घेतो ती गाडी रात्रंदिवस चालविली असतां टिकते कीं नाहीं, तिचे दिवे अंधारांत पुरेसा उजेड देतात कीं नाहीं, हें पाहावयाचें होतें. ३३ गाड्या निघाल्या व ३० शेवटपर्यंत टिकल्या. त्यांत बेंटले ही इंग्रजी गाडी होती. डफ आणि क्लेमंट हे दोघे ती आळीपाळीनें हांकीत होते. उडालेल्या दगडानें तिचा एक दिवा फुटला. पुढें पेट्रोलच्या टाकीसच भोंक पडून ती वाटेंत थांबली. तेव्हां क्लेमंट एका पोलिसाची सायकल घेऊन पेट्रोलच्या डब्यांसह तिच्यापर्यंत गेला! एवढें होऊनहि ती चौथी आली. या गाडीचा जनक डब्ल्यू. ओ. बेंटले या सगळ्या प्रकारास वेडेपणा समजत असे. तो आला तोहि ऐन वेळीं, नाखुषीनें, केवळ पाहण्यासाठीं. परंतु तेथील दृश्यानें त्याचें मत पालटलें. पुढल्याच वर्षीं, आणि नंतर १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीनें चार वेळां, त्याच्या गाड्यांनीं जय मिळविला. इंग्लंडांतून ल माँला जाण्याची जी रीत पडली, तिचा पहिला मानकरी हा नाखूष प्रेक्षकच होय असें आम्ही समजतों.

आमचा एक जुना विद्यार्थी इंग्लंडांत स्थायिक झाला आहे. तिघां मित्रांसह तो दरसाल रात्रीच्या बोटीनें खाडी ओलांडून ल माँला जातो. तंबू ठोकावयाची जागा ठरलेली, शेजारचे तंबूहि ठरलेले. शुक्रवारीं गांवांतून चालकांची मिरवणूक निघते, शनिवारीं दुपारीं शर्यत सुटते. तेथें काय दिसतें, असें आम्हीं त्यास विचारलें. “सर, खरें सांगूं का, फारसें कांहींच दिसत नाहीं,” असें तो म्हणाला, आणि हें अक्षरशः खरें आहे. मार्गाचा वेढा १३.६ किलोमीटरांचा, त्यांतील बराचसा भाग एरव्हींचा सार्वजनिक रस्ता. एका ठिकाणीं उभें राहिलें तर गाडी क्षणभर दिसते व निघून जाते. म्हणून हे चौघे रात्रीं पांगतात. एक आर्नाजच्या वळणावर, एक म्यूल्सानकडे, एक प्रेक्षागृहांत, आणि चौथा तंबूंत झोपतो! पहांटे कॉफीच्या किटलीभोंवतीं बसून प्रत्येकानें पाहिलेला तुकडा दुसऱ्यास सांगावयाचा, आणि त्यांतून शर्यत जुळवावयाची. साक्षी जमवून इतिहास रचण्याचा आमचा धंदा याहून फारसा निराळा नाहीं.

साक्षींच्या या अपुरेपणानें एकदां मात्र भयंकर रूप घेतलें. ११ जून १९५५ रोजीं सायंकाळीं हॉथॉर्नची जॅग्वार थांब्याकडे वळूं लागली. तिला चुकवितांना मॅक्लिनची गाडी आडवी आली, आणि मागून येणाऱ्या लेव्हेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांत कोसळली. लेव्हेग व ८० हून अधिक प्रेक्षक ठार झाले. शर्यत थांबली नाहीं. थांबविली असती तर परतणाऱ्या गर्दीनें रस्ते तुंबून जखमींची वाहनें अडकलीं असतीं, हें चालकमंडळाचें उत्तर. मार्ग इतका विस्तीर्ण कीं, दूरच्या वळणावरील पुष्कळांस अनर्थाची व्याप्ति कळलीच नाहीं. त्या संध्याकाळपुरतें हें उत्तर आम्ही मान्य करतों. परंतु मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीजनें आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. त्यानंतर दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत शर्यत चालू ठेवण्यास तें कसें पुरतें, हें आम्हांस उमगत नाहीं. जय हॉथॉर्न व ब्यूब यांच्या जॅग्वारचा झाला.

थांब्याचा भाग व प्रेक्षागृह नव्यानें बांधून १९५६ ची शर्यत जुलैअखेर झाली, आणि लोक पुन्हां आले. त्यांस निष्ठुर म्हणणें सोपें आहे. पण पहिल्या वर्षापासून जे येत होते, त्यांच्या दृष्टीनें न येणें म्हणजे त्या मेलेल्यांसच एकटें सोडणें नव्हे काय? आमच्या विद्यार्थ्याचा मित्र दरवर्षीं त्या ठिकाणच्या स्मृतिफलकापाशीं मिनिटभर उभा राहतो; बोलत कांहीं नाहीं.

१९६९ सालीं जॅकी इक्स यानेंहि असाच मूक निषेध केला. चालकांनीं रस्ता ओलांडून धांवत गाडींत उडी घ्यावयाची, असा तेथला जुना प्रघात. इक्स धांवला नाहीं, चालत गेला, पट्टा नीट बांधून सर्वांच्या शेवटीं निघाला, आणि सुमारें १२० मीटरांनीं जिंकला. पुढल्या वर्षापासून धांवण्याचा प्रघात बंद झाला.

२०२० सालीं साथीमुळें शर्यत सप्टेंबरांत, प्रेक्षकांवांचून, झाली. टोयोटा जिंकली. त्या रात्रीं आमच्या विद्यार्थ्यानें आपल्या घरामागील अंगणांत तंबू ठोकला होता, आणि ते चौघेहि टेलिफोनवर जागे होते. २०२३ च्या शताब्दीच्या शर्यतीस सव्वातीन लाख लोक जमले, त्यांत हे चौघे आपल्या जुन्या जागेवर होते.