संहिता, संचालक आणि श्रोता

वाद्यवृंद-संचालकाने सादर केलेल्या सिंफनीचे मूल्यमापन करताना ‘संहितानिष्ठा’ हा निकष बहुधा गृहीत धरला जातो. हा निकष स्वतःच इतिहासाने घडवलेला आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

बेथोव्हनची तिसरी सिंफनी, ‘एरोइका’, १८०३-०४ मध्ये रचली गेली. तिच्या पहिल्या भागाला प्रारंभी ‘जलद, आवेशाने’ अशा अर्थाचा केवळ शाब्दिक लयनिर्देश होता. १८१७ मध्ये बेथोव्हनने आपल्या पहिल्या आठ सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांनुसार या भागातील तीन मात्रांचा प्रत्येक खंड एका सेकंदात संपावा लागतो. मग प्रमाण संहिता कोणती? मूळ शब्द, की तेरा वर्षांनंतरचा आकडा? फुर्टवेंग्लरने रचनेतील अंतर्गत ताणानुसार लय लवचीक ठेवली. टोस्कानिनीने लिखित खुणेचा अधिकार श्रेष्ठ मानला. १९८० च्या दशकात नॉरिंग्टनने बेथोव्हनकालीन धर्तीची वाद्ये घेऊन ते आकडे प्रयोगात उतरवू पाहिले. तिघेही निष्ठावंतच; त्यांच्या निष्ठेचे विषय तेवढे भिन्न.

हा प्रश्न मुंबईलाही परका नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्यांचे पुत्र झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले. तेथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे त्यांना संहिता-विश्लेषणाचे कठोर शिक्षण मिळाले. त्याच नगरीत व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा पिढ्यानपिढ्या जोपासलेला नादही त्यांच्या कानांवर पडला. विश्लेषण पानावरून शिकता येते, नाद सहवासातून. अशा दुहेरी संस्कारातून घडलेल्या संचालकाला ‘लिहिल्याबरहुकूम वाजवले काय’ एवढाच प्रश्न विचारणे अपुरे ठरते.

ख्यालाच्या श्रवणावर पोसलेला आपला श्रोता उलट टोकाला जाण्याचा संभव असतो. बंदिशीचा विस्तार गायक करतो. संचालक स्वतः एकही स्वर निर्माण करत नाही. म्हणून तो केवळ ताल देणारा वाटतो. वस्तुतः त्याचे कर्तृत्व निवडीत असते. पहिल्या भागासाठी निवडलेली लय पुढील शोकयात्रेच्या संथ भागाला अर्थ देते की नाही, प्रत्येक निर्णय समग्र रचनेत आपले समर्थन मिळवतो की नाही, हीच खरी कसोटी होय.

मराठीच्या अभ्यासकाला ही कसोटी अपरिचित वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. परंतु पाठ शुद्ध झाल्याने निरूपणाची गरज संपली नाही. निरूपणकाराची जबाबदारी मात्र वाढली.