अंगावरून वारं गेलं, आता कागद कसला?

आपल्याकडे लकवा मारला असं सहसा म्हणत नाहीत, अंगावरून वारं गेलं म्हणतात. वारं आलं तसं निघूनही जाईल, ही आशा त्या बोलण्यातच असते. मग मालिश चालते, तेलं चालतात, वर्ष सरतं आणि अपंगत्वाच्या दाखल्याचं नाव कुणी काढत नाही. काढलं तर घरचेच रागावतात, "बाईला अपंग ठरवता का?"

म्हणून आज या दाखल्याचा इतिहास सांगते. आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 साली सुरू झाली. तेव्हा देशात अपंगांसाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. तो 1995 मध्ये झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाची अट. अपंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलिओ झालेलं मूल यायचं. पण हातापायांचं अपंगत्व जन्मापासूनचंच हवं, असं त्या कायद्यात कुठेच नव्हतं. चाळिशीत हात गेलेली बाईही त्यात बसत होती. हे आपल्यापर्यंत पोचलंच नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. पुढे 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले. पार्किन्सन, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या व्यक्ती, सगळे त्यात आले.

तपासणीत रोगाचं नाव नाही, रोगाने काय हिरावलं ते मोजतात. लकव्यात साधारण सहा महिन्यांनी मोजतात, कारण तोवर अंग सुधारत असतं. आणि दाखला तात्पुरताही मिळतो, त्यावर फेरतपासणीची तारीख असते. म्हणजे बरं होण्याची आशा सरकारनेही सोडलेली नसते!

आमच्या गटातल्या एका ताईंचा उजवा हात गेला. शिलाई थांबली आणि सही जुळेना म्हणून बँकेतले स्वतःचे पैसेही अडकले. अशा वेळी अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. हे कळेपर्यंत त्यांचे दोन महिने उसनवारीत गेले.

निराधार योजनेत पक्षाघाताचं नाव आहेच, पण तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं. दिव्यांग म्हणून अर्ज केला तर मर्यादा 50 हजार. या ताई पहिल्यात बसत नव्हत्या, दुसऱ्यात बसल्या. दाखल्याने फरक पडतो तो असा. अनुदानही 600 वरून 2019 मध्ये 1000, 2023 मध्ये 1500 झालं आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2500. शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. ग्रामसभेत ते विचारा. सरपंच बाई असली तरी विचारा.

आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा रिपोर्ट चुलीजवळच्या फळीवर टाकू नका. तपासणीच्या दिवशी आजार कधी झाला ते त्यावरूनच पाहतात.