टी. माधवराव

राजा सर टांजोर माधवराव (जन्म: इ.स. १८२८, कुंभकोणम, मृत्यू: ४ एप्रिल १८९१, मद्रास) हे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव गायकवाड, म्हणजेच पुढचे महाराज सयाजीराव तिसरे, अल्पवयीन असताना बडोद्याचा कारभार त्यांनी चालविला.

तंजावरकडील मराठीभाषक देशस्थ घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील रंगराव व चुलते वेंकटराव यांनीही त्रावणकोरचे दिवाणपद सांभाळले होते. मद्रास येथे शिक्षण घेतल्यावर १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि १८५८ मध्ये दिवाण. मिरी व तंबाखूवरील सरकारी मक्तेदारी त्यांच्या काळात संपली. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनीच्या कुळांना मालकी हक्क मिळाले. इंग्लंडमधील अर्थतज्ज्ञ हेन्री फॉसेट यांनी त्यांना ‘हिंदुस्थानचे ट्युर्गो’ म्हटले. फ्रान्सच्या अर्थमंत्र्याशी केलेली ही तुलना अतिशयोक्त नव्हती. १८७३ ते १८७५ या काळात ते इंदूरला होते.

बडोदा

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. सोन्याच्या तोफा ओतविणाऱ्या या राजाने खजिना रिता केला होता. खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी त्याच वर्षी २७ मे रोजी बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. शेतकरी कुटुंबातील या मुलाला तोवर लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था एफ. ए. एच. इलियट यांच्याकडे होती. राज्यकारभाराचे धडे मात्र माधवरावांनी स्वतः दिले. राजाने कायद्याच्या चौकटीत राहावे, राजवाड्याचा खर्च आटोक्यात ठेवावा, खुशमस्कऱ्यांपासून दूर राहावे, हा त्या व्याख्यानांचा गाभा होता. मल्हाररावांचे उदाहरण ताजे असल्यामुळे हा उपदेश केवळ पुस्तकी नव्हता. गुरू-शिष्य दोघेही मराठी घरांतले, तरी व्याख्याने इंग्रजीत झाली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती १८८१ मध्ये छापली गेली.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. मुलाला राज्य करण्यायोग्य बनविणे म्हणजे दिवाणाने स्वतःची सत्ता संपुष्टात आणणेच होते. १८८२ मध्ये माधवरावांनी बडोदा सोडले. सयाजीरावांनी पुढे, १९०६ मध्ये, संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले.

उत्तरायुष्य

१८८७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनात माधवराव स्वागत समितीचे अध्यक्ष होते. तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे.