तलावातले अंतर, समुद्रातले अंतर : प्रस्तावना

मालाडच्या मुलाला समुद्र दाराशी आहे. मार्वेला बस जाते, अक्साला रिक्षा. पोहायला मात्र तो तलावावरच जातो आणि त्यात शहाणपण आहे, कारण अक्साची वाळू पायाखालून सरकते आणि खाडीत सांडपाणी येते. लांब पल्ल्याच्या फ्रीस्टाइल जलतरणाकडे वळणाऱ्या नव्या अभ्यासकाने तलाव आणि समुद्र यांच्यातला हा दुरावा आधी ध्यानात घ्यावा. आपल्या क्रीडालेखनाची अर्धी अडचण त्यातच आहे.

कौतुक झाले ते समुद्राचे. मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये इंग्लिश खाडी पार केली. कानांनी आणि डोळ्यांनी अधू असलेल्या मुंबईच्या तारानाथ शेणॉय यांनी तीच खाडी १९८३ मध्ये पोहून दाखवली, तर अनिता सूद यांनी १९८७ मध्ये ८ तास १५ मिनिटांत. पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहणारा पहिला आशियाई ठरला आणि २०२३ मध्ये नेरुळच्या प्रभात कोळीने तेच केले. हे सारे अभिमानाचे खरे, पण नुसत्या नावांनी अभ्यास पुढे सरकत नाही.

तलावातली १५०० मीटरची शर्यत कुणाला आठवत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फिलिपाइन्सचा रायन अराबेहो ती पोहला. आपल्याकडून कोल्हापूरचा वीरधवल खाडे गेला होता, पण त्याच्या शर्यती ५०, १०० आणि २०० मीटरच्या. दीडहजार म्हणजे ५० मीटरच्या तलावात ३० फेऱ्या. पहिल्या शंभरात जोर उधळला की हजारानंतर कोपर पाण्यात पडू लागतो आणि हात पाणी ओढण्याऐवजी नुसते कापतो. म्हणून जाणते जलतरणपटू पायांची किक राखून ठेवतात आणि शेवटच्या दोन फेऱ्यांची घंटा वाजली की ती मोकळी सोडतात. काठावरच्या प्रेक्षकाला मधली मिनिटे कंटाळवाणी वाटतात. मला विचाराल तर सगळी गोष्ट तिथेच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा दुरावा आणखी ठळक दिसतो. आरती साहा १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेल्या. ऑलिंपिकच्या तलावात मात्र बायकांना १५०० मीटर पोहता आले ते २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत. तोवर तलावातली त्यांची धाव ८०० मीटरवर थांबत होती. तेहतीस किलोमीटर थंड पाणी ज्यांना झेपले, त्यांना तलावातले दीड किलोमीटर झेपणार नाही असे इतकी वर्षे कोण ठरवत होते, हा प्रश्न कुणीतरी नीट हाती घ्यायला हवा.

समुद्राकडे पाहायचे तर पोहणाऱ्याइतकेच बोटीकडे पाहा. बोटीला हात लावायचा नाही, खाणेपिणेही पाण्यात राहूनच, असा इंग्लिश खाडीचा नियम. भरती-ओहोटी आडवी ओढते, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ पाण्यात वाकडी होते. धरमतर ते गेटवे पोहायचे तर पाणी उधाणाचे की भांगाचे, हे आधी पाहावे लागते. दर्यावर वाढलेल्या कोळ्यांना हे हिशेब तोंडपाठ असतात, पण आपल्या जलतरणाच्या पुस्तकांत ते क्वचितच उतरले आहेत.

नव्या अभ्यासकाने सुरुवात जवळूनच करावी. पहाटे तलावाच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन बसावे आणि सराव करणाऱ्या एखाद्या पोराची दर शंभर मीटरची वेळ वहीत मांडावी. संक रॉक ते गेटवेची स्पर्धा असेल त्या दिवशी तीच वही घेऊन सोबतच्या बोटीवर जागा मिळवावी, आणि बोट हाकणाऱ्या तांडेलाशेजारी बसावे.